परसातल्या आंब्याला लागलेला भिरूड: भोक बुजवूनही दरवर्षी भुसा का पडतो आणि झाड कसे वाचवावे

कोकणात आणि गोव्यात घरामागच्या आंब्याबद्दलची एक तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येते. बुंध्याशी लाकडाचा भुसा पडलेला दिसतो, कोणीतरी भोकात रॉकेल किंवा पेट्रोल घालून वर माती लिंपते, काही दिवसांत भुसा थांबतो आणि घरातली माणसे निर्धास्त होतात. पुढच्या हिवाळ्यात मात्र त्याच खोडावर, हातभर वर किंवा खाली, नवी भोके पडलेली असतात आणि काही वर्षांनी एक अख्खी फांदी पानांसकट वाळून जाते. हे काम भिरुडाचे, म्हणजे आंब्याच्या खोडकिड्याचे असते. केलेला उपाय फुकट गेलेला नसतो, कारण आतली अळी बहुतेक वेळा खरोखरच मेलेली असते. परंतु पुढच्या पावसाळ्यात नवी मादी येऊन नवी अंडी घालते आणि त्या दिवसांत झाडाच्या खोडाकडे कोणाचे लक्ष नसते. भोकातली अळी मारणे हे अर्धेच काम आहे. उरलेले अर्धे काम मे ते सप्टेंबर या काळात, भुसा दिसत नसताना करायचे असते. ते होत नाही तोवर ही तक्रार संपत नाही.

आधी कीड नक्की ओळखावी

खोडावर भुसा दिसला की तो भिरूडच असे धरून चालू नये, कारण आंब्याच्या खोडावर वेगवेगळ्या किडी राहतात आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. भिरुडाचा भुसा लांबट, तंतुमय असतो. सुताराच्या रंध्याखालून निघणाऱ्या बारीक कीससारखा तो दिसतो आणि ताजा असताना ओलसर, फिकट रंगाचा असतो. तो करंगळी जाईल एवढ्या भोकातून बाहेर ढकलला जातो आणि भोकाखाली सालीवर ओघळ किंवा डिंक दिसतो. सालीवर रेशमी धाग्यांनी विणलेल्या, भुसा व विष्ठा चिकटलेल्या तपकिरी पट्ट्या वळणावळणाने गेलेल्या असतील आणि त्या बहुधा फांदीच्या बेचक्यापाशी संपत असतील, तर ती साल खाणारी अळी होय. ती रात्री त्या जाळीखालून फिरून साल खाते आणि दिवसा बेचक्यातल्या आखूड भोकात लपते. तिच्यामुळे झाड अशक्त होते, पण भिरुडाएवढा धोका नसतो. जाळी खरवडून काढली आणि भोकात तार घातली तरी ती बहुधा आटोक्यात येते. खोडावर मातीचे पापुद्रे चढलेले असतील तर वाळवी आहे. टाचणीच्या टोकाएवढ्या असंख्य भोकांतून पिठासारखी पूड पडत असेल, तर ते बारीक भुंगेरे आहेत आणि ते सहसा आधीच आजारी पडलेल्या लाकडावर येतात; अशा वेळी झाड मुळात कशाने खंगले ते शोधणे अधिक महत्त्वाचे असते.

पावसाळ्यात फांद्या वाळू लागल्या, पण भोक किंवा भुसा कुठेच सापडला नाही, तर बुरशीचा संशय घ्यावा. अशा झाडाला भिरुडाचे उपाय करत बसल्यास मोलाचा वेळ वाया जातो.

खोडाच्या आत काय चालते

भिरुडाचा प्रौढ कीटक म्हणजे साडेतीन ते पाच सेंटिमीटर लांबीचा, राखाडी-तपकिरी रंगाचा दणकट भुंगेरा. त्याच्या मिशा शरीराहून लांब असतात आणि पाठीवर पिवळट-नारिंगी ठिपके असतात. हातात धरला तर तो कर्र कर्र असा आवाज करतो. मृगाचा पाऊस सुरू होण्याच्या आगेमागे हे भुंगेरे खोडातून बाहेर पडतात, रात्री फिरतात, कोवळ्या फांद्यांची साल कुरतडून खातात आणि मिलन झाल्यावर मादी जबड्याने सालीत लहानशी चीर पाडून तिच्यात अंडे ठेवते. प्रत्येक अंडे वेगळ्या चिरेत ठेवले जाते आणि एक मादी आपल्या आयुष्यात शंभराहून अधिक अंडी घालू शकते. घरामागच्या एका झाडाचा प्रश्न एका मादीमुळेही उभा राहू शकतो, तो या कारणाने.

अंड्यातून एक-दोन आठवड्यांत बाहेर पडलेली अळी आधी सालीखालीच राहते आणि तेथला मऊ थर खात सुटते. झाडाच्या पानांत तयार झालेले अन्न याच थरातून मुळांकडे उतरत असल्यामुळे, अळीने पोखरलेला बोगदा फांदीभोवती गोल फिरला की त्या फांदीचा आणि मुळांचा व्यवहार तुटतो. त्यानंतर अळी लाकडात शिरते, गाभ्याकडे सरकते, आठ-दहा सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि उन्हाळ्यात आतच कोश करते. पिवळसर पांढरी, पाय नसलेली, काळपट डोक्याची ही अळी जवळजवळ सगळे आयुष्य लाकडात काढते, म्हणून पानांवर कितीही फवारणी केली तरी तिच्यापर्यंत काहीच पोहोचत नाही. पाऊस गेल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात एखादी फांदी अचानक मलूल होते, पाने पिवळी पडून गळू लागतात आणि त्याच सुमारास भोकांतून भुसा दिसू लागतो. पण तेव्हा अळी आत शिरून काही महिने झालेले असतात.

येथे एक फसवे लक्षणही सांगितले पाहिजे. सालीखालचा थर तुटलेल्या फांदीत अन्न अडकून राहते आणि त्यामुळे कधी कधी त्या एकाच फांदीला इतर फांद्यांपेक्षा भरघोस मोहोर येतो. घरातल्यांना आनंद होतो, पण बाकीचे झाड शांत असताना एकच फांदी अशी फुलली, तर तिच्या बुडापर्यंतची साल हात फिरवून तपासावी.

जिवंत भोक शोधून अळी काढणे

जुन्या झाडावर भोके पुष्कळ असतात आणि त्यांतली बरीच रिकामी असतात. सगळ्या भोकांत औषध ओतत सुटल्याने औषध वाया जाते, झाडाच्या चांगल्या भागालाही इजा होते आणि जिवंत अळी मात्र राहून जाऊ शकते. म्हणून संध्याकाळी खोडावरचा आणि बुंध्यावरचा सगळा भुसा झाडून काढावा, सापडलेल्या प्रत्येक भोकाला खडूने खूण करावी आणि सकाळी पाहावे. ज्या भोकाखाली ओला, ताजा भुसा पडला असेल त्याच्या आसपास अळी आहे. एका रात्रीत काही दिसले नाही तर आणखी काही दिवस लक्ष ठेवावे, कारण अळी रोज सारखीच खात नाही. जेथे साल दबते, काळी पडली आहे किंवा कोयत्याच्या मुठीने ठोकल्यावर पोकळ वाजते, तेथेही खूण करावी.

साल पोकळ वाजत असेल आणि अळी अजून वरच असण्याचा काळ असेल, म्हणजे साधारण ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत, तर धारदार पटाशीने मेलेली सालच तेवढी उचलून बोगद्याचा माग काढावा. मेलेली साल कोरडी, तपकिरी असते आणि जिवंत सालीखाली ओलसर फिकट थर दिसतो. तो थर दिसू लागला की त्या बाजूला पटाशी थांबवावी. या टप्प्यावर अळी हातानेच काढता येते आणि कोणतेही औषध लागत नाही. माझ्या मते संपूर्ण उपायांत इतका स्वस्त आणि इतका खात्रीचा दुसरा उपाय नाही.

अळी लाकडात गेली असेल तर सायकलच्या ब्रेकची जुनी तार घ्यावी, तिच्या टोकाचे पदर थोडे उलगडून बाहेर वाकवावेत आणि ती हळूहळू फिरवत भोकात सारावी. बोगदा वळलेला असतो, म्हणून छत्रीच्या ताठ काडीपेक्षा वाकणारी तार अधिक आत जाते. मऊ काहीतरी लागले की तार पिळून मागे ओढावी. अळी बाहेर आली नाही तरी तारेच्या टोकाला पिवळसर चिकट द्रव दिसला म्हणजे ती मेली असे समजण्यास हरकत नाही. काहीच लागले नाही, तर भोकातला भुसा तारेने साफ करून पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा काडीने आत खोलवर ढकलावा आणि भोक ओल्या चिकणमातीने घट्ट बंद करावे. त्या खोडाला जोडलेली बाकीची भोकेही लगेच बुजवावीत, नाहीतर वाफ दुसरीकडून निघून जाते. पेट्रोल भोकात ओतू नये आणि सालीवर सांडू देऊ नये, कारण त्याने जिवंत साल जळते. जवळ विडी-काडी आणि चूल नसावी हे वेगळे सांगायला नको. मातीचा लेप आठवड्याने पुन्हा पाहावा. तो आतून फोडून भुसा बाहेर आला असेल तर अळी जिवंत आहे आणि तेच काम पुन्हा करावे लागेल.

भोके सिमेंटने बुजवण्याची पद्धत सोडून द्यावी. सिमेंट आणि लाकूड यांच्यामधल्या फटीत पाणी साचते, आतून लाकूड कुजते आणि पुढे भुसा पडला तरी तो दिसत नाही.

औषधांबाबत विशेष काळजी

घरोघरी जपून ठेवलेल्या जुन्या कात्रणांत आणि पुस्तिकांत भिरुडासाठी डायक्लोरव्हॉस, म्हणजे अनेकांच्या तोंडी असलेले नुवान, किंवा कार्बारिल वापरण्याचा सल्ला दिसतो. केंद्र सरकारच्या 2018 सालच्या आदेशाने कार्बारिलवर त्याच वर्षी, तर डायक्लोरव्हॉसवर 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आली आहे. कपाटात जुनी बाटली उरली असेल तरी ती वापरू नये. अन्नधान्यासाठीच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या भोकात घालण्याचा सल्ला काही जण आजही देतात. परसातल्या झाडासाठी हा सल्ला मला अत्यंत घातक वाटतो, कारण ओलाव्याने त्या गोळ्यांतून निघणाऱ्या फॉस्फीन वायूवर कोणताही उतारा नाही, झाड बहुधा घराच्या खिडकीला लागूनच असते आणि या गोळ्यांची विक्री सर्वसामान्यांना करण्यास परवानगीही नाही.

तार आणि पेट्रोल यांनी भागले नाही आणि कीटकनाशकच वापरण्याची वेळ आली, तर तालुक्यातल्या कृषी कार्यालयाकडून किंवा कृषी विज्ञान केंद्राकडून आंब्यासाठी सध्या मान्य असलेल्या औषधाचे नाव आणि मात्रा लिहून घ्यावी. जानेवारीपासून फळे उतरेपर्यंत खोडात औषध टोचू नये, कारण मोहोरावर मधमाश्या येतात आणि त्या झाडाचे आंबे घरातली मुलेच खाणार असतात.

बोर्डो पेस्ट

अळी काढल्यानंतर उघडे पडलेले लाकूड आणि सालीच्या कडा तशाच ठेवू नयेत. घरापुरती बोर्डो पेस्ट करण्यासाठी 100 ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात आणि 100 ग्रॅम चुना उरलेल्या अर्ध्या लिटर पाण्यात वेगवेगळा कालवावा. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची असावीत, कारण मोरचूद लोखंडी भांडे खातो. चुना गाळून घ्यावा, दोन्ही द्रावणे तिसऱ्या भांड्यात एकत्र ओतत ढवळावीत आणि तयार मिश्रणात स्वच्छ लोखंडी खिळा काही क्षण बुडवावा. खिळ्यावर तांबूस थर आला तर आणखी थोडी चुन्याची निवळी घालावी. ही पेस्ट त्याच दिवशी ब्रशने लावून संपवावी. दुसऱ्या दिवशी तिचा गुण राहत नाही. तिने आतली अळी मरत नाही, हेही स्पष्ट असावे. जखमेतून शिरणारी बुरशी रोखणे हे तिचे काम आहे.

भुसा पुन्हा का पडतो

भुंगेरी अशक्त, जखमी आणि फुटक्या सालीच्या झाडाकडे अधिक वळते आणि परसातल्या झाडाला या तिन्ही गोष्टी आपणच पुरवत असतो. खोडात ठोकलेले खिळे, कपडे वाळत घालण्यासाठी आवळून बांधलेली तार, झोपाळ्याच्या दोरीने सोलवटलेली फांदी, बुंध्यापाशी जाळलेला पालापाचोळा, खोडाला टेकवून ओतलेली मातीची भर, मुळांवर अगदी खोडापर्यंत घातलेली लादी, कोयत्याने सहज मारलेले घाव, वर वाढलेली बांडगुळे: यांपैकी प्रत्येक गोष्ट आधी दुरुस्त केली पाहिजे. झाडाजवळ रात्रभर जळणारा दिवा पावसाच्या सुरुवातीच्या दिवसांत बंद ठेवावा, कारण हे भुंगेरे उजेडाकडे येतात. मोठी फांदी कापल्यावर ज्या खोडावर एकदम ऊन पडू लागते, तेथली साल तडकते. त्या भागाला चुन्याचा हात द्यावा.

परंतु सर्वांत मोठे आणि सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे लाकूडफाटा. भिरूड लागलेली फांदी कापली जाते, तिचे ओंडके करून पावसाळ्याची बेगमी म्हणून पडवीत किंवा गोठ्याच्या कुडाला लागून रचले जातात, आणि आतल्या मोठ्या अळ्या त्या ओंडक्यांतच आपली वाढ पुरी करून जूनमध्ये भुंगेरे होऊन बाहेर पडतात. मग झाडापासून दहा-वीस पावलांवर आपणच कीड सांभाळून ठेवलेली असते. कापलेली भिरूडग्रस्त फांदी लगेच फोडून तिच्या ढलप्या कराव्यात, दिसलेल्या अळ्या माराव्यात आणि ते लाकूड मे महिना संपण्यापूर्वी चुलीत किंवा बंबात जाळून संपवावे. शेजारच्या आवारात वाळून उभा राहिलेला आंबा असेल तर त्याच्या मालकाशीही बोलावे. फणस, उंबर, सावर आणि शेवगा या झाडांवरही हाच किडा येतो, म्हणून आंब्याबरोबर त्यांचीही खोडे पाहिली पाहिजेत.

गावी ठरावीक वेळीच येणाऱ्यांसाठी

मुंबई-पुण्यात राहणाऱ्या अनेकांचे कोकणातले घर वर्षाचा बराच काळ बंद असते. सुदैवाने त्यांच्या येण्याच्या वेळा भिरुडाच्या चक्राशी चांगल्या जुळतात. मे महिन्यात आले असता फाटा जाळून संपवावा, खोडावरची सुटलेली जुनी साल खरवडावी, जमिनीपासून साधारण एक मीटर उंचीपर्यंत बोर्डो पेस्ट लावावी आणि झाडाच्या पसाऱ्याच्या कडेखाली चर खणून कुजलेले शेणखत भरावे. दहा वर्षांवरील झाडाला सुमारे 50 किलो शेणखत लागते. जून-जुलैमध्ये गावात कोणी असेल तर रात्री बॅटरी घेऊन खोड आणि बेचकी पाहण्याची विनंती त्याला करावी. भुंगेरा मोठा आणि संथ असतो, तो सहज धरता येतो. मात्र त्याचे जबडे चावतात, म्हणून फडक्याने धरावा. गणपतीसाठी आल्यावर एक सकाळ झाडासाठी राखून ठेवावी, कारण तेव्हा लहान अळ्या सालीखाली असतात आणि पटाशीने काढता येतात. दिवाळीनंतर आणि शिमग्याला खडूच्या खुणांनी भोके तपासावीत. वर्षातून एकच फेरी शक्य असेल, तर ती मेमध्ये न करता गणपतीत करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

झाड वाचेल की नाही

भिरूड फक्त फांद्यांत असेल तर झाड बहुधा वाचते. फांदी कापताना कापाच्या मध्यभागी बोगद्याचे भोक दिसत असेल तर आणखी खाली कापावे आणि निरोगी, अखंड लाकूड लागेपर्यंत थांबू नये. खोडातच अळ्या असतील तर खोडाच्या घेराभोवती ठिकठिकाणी चाकूच्या टोकाने साल किंचित खरवडून पाहावी. घेराच्या निम्म्याहून अधिक भागात सालीखाली ओलसर जिवंत थर असेल, तर मी झाड तोडण्याचा विचारही करणार नाही. अशा झाडाला पुढचे दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावे आणि पहिल्या वर्षी फळे कमी ठेवावीत. जिवंत साल एखाद्या अरुंद पट्ट्यापुरतीच उरली असेल आणि झाड घराच्या छपराकडे कललेले असेल, तर आतून पोकळ झालेले खोड पावसाळी वाऱ्यात मोडू शकते, म्हणून पावसाआधीच जाणत्या माणसाकडून ते उतरवून घेणे योग्य ठरते.

मात्र झाड रायवळ असेल आणि त्याच्या आंब्याची चव घरातल्यांना हवी असेल, तर तोडण्याची घाई करू नये. हापूसचे किंवा मानकुरादचे कलम रोपवाटिकेत पुन्हा मिळते, पण बाठ्यापासून उगवलेले प्रत्येक रायवळ झाड वेगळे असते आणि त्याचे फळ दुसरीकडे कोठेही मिळत नाही. अशा झाडाच्या भुसा नसलेल्या, निरोगी फांदीवरच्या तीन-चार महिन्यांच्या डोळे फुगलेल्या काड्या जुलै-ऑगस्टमध्ये घेऊन, नुकत्याच रुजलेल्या तांबूस पानांच्या रोपांवर कोय कलमे बांधून घ्यावीत. काड्या कापण्यापूर्वी आठ-दहा दिवस त्यांची पाने देठ ठेवून छाटावीत. सगळीच कलमे जगत नाहीत, म्हणून हवी असतील त्याहून बरीच अधिक बांधावीत आणि त्यांतली निदान काही जगून नवी पालवी फुटेपर्यंत मूळ झाडाला कुऱ्हाड लावू नये.